सर्व्हरचा पत्ता स्क्रिप्टने कुठून घ्यावा
स्क्रिप्टने डेटाबेस सर्व्हरचा पत्ता कुठून घ्यावा, असे आपण विचारले आहे. आपण इंदुरात स्वतःच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हेग्रंट (आभासी यंत्रे चालवणारी व उभारणारी साधने) वापरून शेफ (सर्व्हरची मांडणी आपोआप करणारे साधन) शिकत आहात, म्हणून आधी हेच सांगतो: ओहाय (यंत्राची माहिती गोळा करणारे शेफचे साधन) जो आयपी पत्ता आपोआप नोंदवते, तो साधारणतः डीफॉल्ट रूट (बाहेर जाण्याचा ठरलेला मार्ग) असलेल्या इंटरफेसचा, म्हणजे जाळ्याशी जोडणाऱ्या दुव्याचा असतो, आणि व्हेग्रंटमध्ये तो नॅटचा (यंत्राला लॅपटॉपमार्फत बाहेर जोडणाऱ्या व्यवस्थेचा) असल्यामुळे बहुतेक प्रत्येक यंत्र आपला पत्ता १०.०.२.१५ असाच सांगते. तो डेटाबेसचा पत्ता म्हणून कॉन्फिगरेशनमध्ये गेला, की वेब सर्व्हर स्वतःशीच जोडणी करू पाहतो आणि संशय विनाकारण फायरवॉलवर जातो. त्यापेक्षा यंत्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या खासगी जाळ्याच्या इंटरफेसची पत्त्यांची यादी घेऊन तिच्यातील ‘आयनेट’ (म्हणजे आयपीव्ही४) प्रकारचा पत्ता निवडा, कारण त्याच यादीत मॅक (हार्डवेअरचे) आणि आयपीव्ही६ पत्तेही असतात. इंटरफेसची नावे यंत्रागणिक बदलत असतील, तर सबनेटवरून (जाळ्याच्या पत्त्यांच्या गटावरून) निवड करणे मला अधिक भरवशाचे वाटते.