जुना पीसी लगेच विकू नकोस

अरे, गेम अडखळतात म्हणून पीसी विकायचा म्हणतोस, पण रायझन ५ २६०० प्रोसेसर आणि बी४५० मदरबोर्ड म्हणजे तू नशीबवान आहेस. त्याच एएम४ सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या जागेत, त्याहून नवा रायझन ५ ५६०० बसतो. बोर्ड आणि रॅम तेच राहतात. फक्त जुना प्रोसेसर काढायच्या आधी बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अपडेट कर. मी उलटं केलं, आणि रात्री अकरा वाजता काळ्या स्क्रीनकडे बघत बसलो.

कूलर काढण्याआधी दहा मिनिटं गेम चालव, म्हणजे कूलर आणि प्रोसेसरमधली सुकलेली पेस्ट मऊ पडेल. मग पीसी बंद करून कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळ. सरळ ओढलास तर प्रोसेसर कूलरला चिकटूनच वर येतो आणि पिना वाकतात.

पण थांब, आधी गेम चालू असताना जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, वापर बघ. तो सतत ९५-९९ टक्के असेल तर प्रोसेसर राहू दे, पैसे कार्डात घाल. आरएक्स ६६०० हे कार्ड साधारण १३२ वॉट खातं, चांगला ५०० वॉटचा पॉवर सप्लाय पुरतो. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असेल तर मात्र आधी तोच बदल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड कार्ड घेणार असशील तर दुकानातच अर्धा तास चालवून बघ, पंख्याची घरघर ऐक. रॅमची एकच स्टिक आहे? तसलीच दुसरी टाक.