क्रीपेज, क्लिअरन्स आणि ‘३ मि.मी. मंजुरी’

प्रश्न: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आम्ही यंत्रमागांची इलेक्ट्रॉनिक कंट्रोल पॅनेल बनवतो. टेस्टिंगला बसणाऱ्या मुलांसाठी तपासणीचा तक्ता मराठीत करायला घेतला. भाषांतराच्या ॲपने क्लिअरन्सचे ‘मंजुरी’, क्रीपेजचे ‘रांगणे’ आणि ट्रॅकिंगचे ‘माग काढणे’ केले. ‘दोन टर्मिनलांत ३ मि.मी. मंजुरी ठेवावी’ हे वाचून मुले हसतात. पहिल्या दोन्हींना सरळ ‘अंतर’ म्हटले तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार. त्याच दोन टर्मिनलांमध्ये ही दोन अंतरे मोजली तरी आकडे वेगळे येऊ शकतात, आणि ज्या धोक्यापायी ती ठेवायची तो धोकाही वेगळा आहे.

क्लिअरन्स हवेतून मोजायचा, जवळात जवळ. लाइनवर झटका आला की ठिणगी हवेतून उडी घेते, तिला अडवायला तो असतो. म्हणून तो व्होल्टेजच्या शिखरावर ठरतो. आपल्या २३० व्होल्टचे शिखरच ३२५ आहे, क्षणिक झटके तर हजारांत जातात. विरळ हवेत ठिणगी लवकर पडते म्हणून २००० मीटरच्या वर हे अंतर वाढवावे लागते. सोलापूर साडेचारशेच्या आसपास आहे. तुमचा माल लेहला जात नसेल तर हे विसरा.

क्रीपेजची गोष्ट संथ आहे. तो बोर्डाच्या पृष्ठभागाला धरून मोजतात. तिथे धूळ बसते, तिला ओल धरते, त्यातून किंचित प्रवाह वाहू लागतो. ओल सुकताना बारीक ठिणग्या उडतात, बोर्डाचे प्लास्टिक जळून त्याचा कार्बन होतो आणि कार्बन वीज वाहून नेतो. महिनोन्‌महिने कण-कण करत ही वाट तयार होते. त्यामुळे इथे झटक्याला महत्त्व नाही. रोजचा व्होल्टेज, बोर्डाचे मटेरियल आणि भोवतालची घाण पाहायची. आयईसी ६०६६४-१ या मानकात २५० व्होल्टला नेहमीच्या बोर्डासाठी बेसिक इन्सुलेशनचा (म्हणजे विजेच्या धक्क्यापासूनच्या पहिल्या संरक्षणाचा) क्रीपेज ऑफिससारख्या जागेत २.५ मिलिमीटर आहे, तर कारखान्याच्या घाणीत ४. मागाच्या शेडमध्ये सुताचे तंतू कायम हवेत असतात आणि ते ओल धरतात. तुम्ही चारच धरा.

आता शब्द. क्लिअरन्ससाठी मराठीत तयार शब्द आहे, फक्त वीजवाल्यांनी तो घेतलेला नाही: ‘हवाई अंतर’. दोन गावांमधले सरळ अंतर आपण असेच सांगतो, आणि इथे तर ते खरोखरच हवेतून आहे. ‘मोकळीक’ सुचवणारे भेटतील. पण फिटर मंडळी ती दोन भागांमधल्या फटीसाठी घेतील.

क्रीपेजला काही जण ‘सरपट अंतर’ करतात. मराठीत सरपटणे म्हणजे पोटावर चालणे, पण हिंदीत सरपट म्हणजे भरधाव! सोलापुरात एकाच टेबलावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी चालते. तिथे हा शब्द नेमका उलटा अर्थ घेऊन बसेल. ‘पृष्ठ-अंतर’ म्हटले तर छपाईवाल्यांची आठवण येते. माझे मत ‘पृष्ठमार्ग’ या शब्दाला आहे, कारण मोजायची ती वाट आहे आणि ती खाचांतून, कडांवरून वळते.

भुईकोट किल्ल्याच्या काठावरून सिद्धेश्वर तलावातले मंदिर पाहा. पाण्यावरून नजर सरळ पोचते, पायी जायचे तर काठाने वळसा. बोर्डात आरपार खाच पाडली की हेच होते: हवाई अंतर तेवढेच राहते, पृष्ठमार्ग मात्र लांबतो. खाच फार अरुंद नको. कारखान्याच्या घाणीत साधारण दीड मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीची खाच मोजणीत धरत नाहीत, धूळ तिच्यावर पूल बांधते. उभा पडदा लावला तर दोन्ही वाढतात.

शब्द वेगळे ठेवायचे आणखी एक कारण टेबलावरच दिसेल. ‘हायपॉट पास झाले, मग मोजायचे कशाला?’ असे मुले विचारतात. हायपॉट म्हणजे जादा व्होल्टेजची चाचणी. तिच्यात आपण १५०० व्होल्ट मिनिटभर देतो, तेही कोऱ्या, स्वच्छ बोर्डाला. तिथे हवाई अंतर फारच कमी असेल तर कळते. पृष्ठमार्ग अपुरा असला तरी बोर्ड आरामात पास होतो आणि सहा महिन्यांनी शेडमध्ये जळतो. तक्त्यात दोन रकाने हवेत: ‘हवाई अंतर, मि.मी.’ आणि ‘पृष्ठमार्ग, मि.मी.’. पहिल्या पानावर एकदा क्लिअरन्स, क्रीपेज हे शब्दही लिहा, कारण ग्राहकाचा इंजिनियर तेच बोलणार. बोलताना मुले क्रीपेजच म्हणतील, म्हणू देत.

राहिले ट्रॅकिंग. ‘माग काढणे’ हे पोलिसांचे काम, आणि मागाच्या पॅनेलवर लिहिले तर गोंधळ दुप्पट. कार्बनच्या त्या वाटेला ‘जळकी रेघ’ म्हणा. दुरुस्तीला आलेल्या बोर्डावर ती काळी, झाडाच्या फांद्यांसारखी फुटलेली दिसते आणि कापडाने पुसून जात नाही. तक्त्यात ‘जळकी रेघ: आहे / नाही’ एवढे पुरे. ‘आहे’ असेल तर नुसता भाग बदलून बोर्ड परत पाठवू नका.