मेंदूतील ‘सिस्ट’ म्हणजे ट्यूमर नव्हे

प्रश्न : माझी मुलगी 19 वर्षांची आहे. वर्षभरापासून तिचे अर्धे डोके अधूनमधून ठणकते, उजेड सहन होत नाही, कधी उलटीही होते. डॉक्टरांनी मायग्रेनचे निदान केले होते, तरी आमच्या आग्रहावरून एमआरआय केला. त्यात डाव्या कानशिलाच्या आतल्या बाजूस दोन सेंटिमीटरची अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट असल्याचे लिहिले आहे. नातेवाईक शस्त्रक्रियेची घाई करत आहेत. काय करावे?
– एक आई, सातारा

उत्तर : आपल्याकडे सिस्टलाही गाठ म्हणतात आणि ट्यूमरलाही गाठच म्हणतात; तुमच्या घरातली बरीचशी भीती या एका शब्दातून आली असावी. अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या पदरांत साठलेली, मेंदूभोवती एरवीही असणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाची पिशवी. ती बहुधा जन्मापासून असते आणि कानशिलाच्या आत, त्यातही डावीकडे, अधिक आढळते. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे 2,000 प्रौढांच्या एमआरआयची पाहणी 2007 साली प्रसिद्ध झाली, तीत सुमारे 1.1 टक्के लोकांमध्ये अशी सिस्ट सापडली होती.

रेडिओलॉजिस्ट तिची ओळख अंदाजाने ठरवत नाहीत. एमआरआयमध्ये एकाच जागेची वेगवेगळ्या पद्धतींनी चित्रे काढतात; त्यांतल्या टी-वन चित्रात काळी, टी-टू चित्रात पांढरी आणि पाण्याचा उजळपणा मुद्दाम दाबणाऱ्या फ्लेअर चित्रात पुन्हा काळी, अशी ती प्रत्येक वेळी त्या द्रवासारखीच दिसते. तिच्याशी साम्य असणारी एपिडर्मॉइड सिस्ट (त्वचेसारख्या पेशींची पिशवी) मात्र फ्लेअरमध्ये पूर्ण काळी होत नाही आणि पाण्याच्या कणांची हालचाल टिपणाऱ्या डिफ्यूजन चित्रात उजळून दिसते. शेजारच्या मेंदूवर दाब नाही आणि मेंदूतील द्रवाच्या पोकळ्या फुगलेल्या नाहीत, असे अहवालात असेल तर शस्त्रक्रियेचे कारण उरत नाही.

अहवालाखाली ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’ असे असल्यास घाबरू नका. दिसलेली गोष्ट रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावी, एवढाच त्याचा अर्थ आहे. तुम्ही लिहिलेली लक्षणे मायग्रेनची आहेत आणि उपचारही त्याचेच हवेत. सिस्ट काढली म्हणून मायग्रेन थांबेल, अशी आशा मला योग्य वाटत नाही.

तरीही न्यूरोलॉजिस्टना एकदा प्रत्यक्ष चित्रे दाखवा. फिट येणे, दोन-दोन दिसणे, हातापायातली शक्ती कमी होणे, दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी किंवा डोक्याला मार लागल्यानंतर येणारी गुंगी यांपैकी काही झाल्यास मात्र लगेच रुग्णालय गाठावे, कारण अशा सिस्टलगत क्वचित रक्तस्राव होऊ शकतो. अहवालाच्या कागदाबरोबर एमआरआयची सीडीही जपून ठेवा. पुढे कधी तुलना करावी लागली, तर डॉक्टरांना तीच उपयोगी पडेल.