तीन रात्री की दोन? गोव्याच्या रिसॉर्टचा हिशेब

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून गाडीने दक्षिण गोव्याला जायचंय. मुलगा 5 वर्षांचा, मुलगी 11 ची. एक रिसॉर्ट रात्रीला 7,200 रुपये, सोबत फक्त नाश्ता. दुसरं 11,500, त्यात तिन्ही वेळचं खाणं आणि किड्स क्लब. जादा गादी दोन्हीत धरली आहे, जीएसटी वेगळा. तीन रात्री राहू म्हणतो. पेट्रोल सोडून 30,000 बाजूला ठेवलेत. नवरा म्हणतो, महागडं घेऊ, नो-कॉस्ट ईएमआय (बिनव्याजी मासिक हप्ते) आहे. मला चार दिवस 'आज जेवायला काय' या प्रश्नातून सुटका हवी आहे.

उत्तर : आधी जीएसटी बघू, कारण खरी गोम तिथेच आहे. सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 पर्यंतच्या खोलीवर 5 टक्के कर लागतो आणि त्याच्या वर गेलात की थेट 18. म्हणजे पहिली खोली 7,560 ला पडते, दुसरी 13,570 ला. तीन रात्रींचे 22,680 आणि 40,710.

फरक अठरा हजारांचा दिसतो, पण पहिल्यात जेवण नाही. बाहेरची पाच जेवणं, चौघांची मिळून प्रत्येकी 1,800 धरली तर 9,000 होतात. खरा फरक उरतो नऊ हजारांचा. आणि 'स्वस्त' पर्यायही 31,680 वर जातो, म्हणजे तुमच्या बजेटबाहेरच.

ईएमआय नको. 'शून्य टक्के व्याज' असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. बँक व्याज लावतेच, फक्त ते सूट म्हणून परत मिळतं. क्रेडिट कार्डाचा हप्ता असेल तर त्या व्याजावरही 18 टक्के जीएसटी लागतो, वर बहुतेकदा प्रोसेसिंग फी. शिवाय सहा महिन्यांचा हप्ता घेतलात तर महिन्याला पावणेसात हजार, अगदी मुलांच्या फिया भरायच्या दिवसांपर्यंत. फिरून आल्यावर हप्ता भरताना फार जिवावर येतं.

मी तुमच्या जागी असते तर महागडंच घेतलं असतं, पण दोनच रात्री. 27,140 रुपये. जेवणाच्या प्रश्नातून तुमची सुटका होते, मुलांना पोहायचा तलाव मिळतो आणि 2,860 उरतात. येताना सावंतवाडीला थांबून चितारआळीत लाकडी खेळणी घ्या. तिसरी रात्र गेली याचं मुलांना फारसं काही वाटणार नाही. नवऱ्याला वाटेल, तेवढं तुम्ही बघून घ्या.

मात्र महागडं घ्यायचं ते जेवणासाठी, किड्स क्लबसाठी नव्हे. 11 वर्षांची मुलगी तिथे अर्धा तासही टिकणार नाही. पाच वर्षांच्या मुलाला आईवडिलांशिवाय ठेवून घेतात का, लहान मुलांचा तलाव वेगळा आहे का, हे थेट रिसॉर्टला फोन करून विचारा. 'बीचजवळ' म्हणजे चालत किती मिनिटं, तेही.

आणि रद्द केल्यास पैसे परत न मिळणारा दर स्वस्त दिसला तरी घेऊ नका. पाच वर्षांच्या मुलाला ताप काय आदल्या रात्रीही येतो.