प्रोजेक्ट चार्टर कोणी लिहायचा, सही कोणाची?

प्रश्न : आमच्याकडे प्रत्येक नव्या प्रकल्पासाठी सविस्तर आराखडा, वेळापत्रक आणि अंदाजपत्रक तयार होते. या वेळी मात्र वरिष्ठांनी मला, प्रकल्प व्यवस्थापक या नात्याने, आधी प्रोजेक्ट चार्टर लिहून आणायला सांगितले आहे. या वेगळ्या कागदाची गरज काय, आणि तो मीच लिहिणे योग्य आहे का?

उत्तर : मसुदा तुम्ही लिहिण्यात काहीच गैर नाही, पण सही प्रायोजकाचीच हवी, म्हणजे ज्यांच्या हाती प्रकल्पाचा निधी आणि मनुष्यबळ आहे त्यांची. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या व्याख्येनुसार चार्टरमुळे प्रकल्पाला औपचारिक मान्यता मिळते आणि संस्थेची साधनसामग्री वापरण्याचा अधिकार व्यवस्थापकाला मिळतो. यातला दुसरा भाग माझ्या मते अधिक मोलाचा आहे आणि नेमकी त्याचीच सर्वाधिक हेळसांड होते. काम निम्म्यावर आले असताना दुसऱ्या विभागातले दोन अभियंते तुम्हाला हवे असतात आणि त्या विभागाचे प्रमुख विचारतात, "हे तुम्ही कोणत्या अधिकारात मागता?" तुम्हीच केलेले वेळापत्रक तेव्हा कामी येत नाही.

म्हणून अधिकाराचे कलम मोघम ठेवू नका. "मंजूर अंदाजपत्रकाच्या 5 टक्क्यांपर्यंतचा वाढीव खर्च व्यवस्थापक मंजूर करू शकतील, त्यापुढे प्रायोजकांची लेखी संमती लागेल," इतके ते स्पष्ट असावे. टक्केवारी अर्थातच तुमच्या संस्थेने ठरवायची. उद्दिष्टेही मोजता येतील अशीच हवीत. "ग्राहकसेवा सुधारणे" असे लिहिले, तर प्रकल्प यशस्वी झाला की नाही यावर शेवटी वाद होणारच. "तक्रारीला पहिले उत्तर 24 तासांच्या आत" असे लिहिले, तर तो प्रश्न आकड्यांवरच सुटतो.

याखेरीज ढोबळ व्याप्ती, मुख्य टप्पे, अंदाजे खर्च, गृहीतके, मर्यादा, ठळक जोखमी आणि प्रमुख हितसंबंधितांची नावे थोडक्यात द्यावीत. दोन-तीन पाने सहसा पुरतात, कारण बारकावे आराखड्यात यायचे असतात आणि तो चार्टरच्या आधारेच पुढे तयार होतो. काम चालू असताना आराखडा वेळोवेळी सुधारावाच लागतो; पण मूळ उद्दिष्टच बदलत असेल, तर बदल परस्पर न करता प्रायोजकांकडे परत जावे.

प्रकल्प बाहेरच्या ग्राहकासाठी असला, तरी त्याच्याशी झालेल्या करारावर विसंबून चार्टर टाळू नये. करार दोन पक्षांमधला असतो आणि तुमच्याच संस्थेत तुमच्या शब्दाला किती वजन आहे, हे त्यात कुठेही लिहिलेले नसते.