इंग्रजीतले क्षमता, भावना, शरीराच्या प्रतिक्रिया आणि तब्येतीचे शब्द पाठ असूनही लिहिताना का चुकतात?

तुमचा प्रश्न असा, की केंब्रिजच्या सी१ (इंग्रजीची प्रगत पातळी) परीक्षेसाठी या चार विषयांच्या शब्दयाद्या तुम्ही पाठ केल्यात. अर्थ विचारला तर लगेच सांगता येतो, पण वाक्यात वापरायला गेलं की चूक होते. मग याद्या अजून वाढवाव्यात का?

नको. शब्द पुरेसे आहेत, त्यांचा शेजार पाठ नाही. शेजार म्हणजे शब्दाच्या आधी कुठलं क्रियापद येतं, मागून कुठलं प्रिपोझिशन (ऑफ, फॉर, ॲट यांसारखा जोडशब्द) लागतं आणि त्याची तीव्रता किती.

नेमके हेच चार विषय छळतात, त्याचं कारण आपल्या मराठीत आहे. मला पोहता येतं. मला राग आला. मला शहारा आला. मला बरं वाटत नाही. चारही ठिकाणी माणूस ‘मला’ होऊन बाजूला बसलाय आणि राग, शहारा वगैरे मंडळी त्याच्याकडे चालत येतायत. इंग्रजीत बहुतेक वेळा माणसालाच कर्ता व्हावं लागतं, आणि कर्ता झाला की त्याला क्रियापद निवडावं लागतं: बी, फील, गेट, हॅव, गो, ब्रेक, बर्स्ट. मराठीत ‘येणे’ आणि ‘वाटणे’ या दोघांवर सगळा संसार चालतो, त्यामुळे ही निवड करायची सवयच आपल्याला नसते.

क्षमतेपासून सुरू करू. एबलच्या मागे टू आणि मूळ क्रियापद, केपेबलच्या मागे ऑफ आणि आयएनजी रूप. ‘ॲबिलिटी ऑफ सॉल्व्हिंग’ ही चूक या दोघांच्या सरमिसळीतून येते. ॲबिलिटीला टूच लागतो. दुसरा खड्डा भूतकाळाचा. ‘शेवटी एकदाचं कुलूप उघडता आलं’ याला ‘कुड ओपन’ चालत नाही. एकदाच मिळालेल्या यशाला ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ हवं. नकारात मात्र ‘कुडन्ट’ बिनधास्त वापरा. दिसणं, ऐकू येणं असेल तर होकारातही ‘कुड सी’, ‘कुड हिअर’ बरोबरच.

याद्यांमध्ये ॲप्टिट्यूड, फ्लेअर, नॅक, प्रोफिशियंट, अडेप्ट या सगळ्यांसमोर ‘कौशल्य’ किंवा ‘कुशल’ लिहिलेलं असतं. तिथेच घोटाळा होतो. ॲप्टिट्यूड म्हणजे शिकण्याआधीचा कल; वीस वर्षं एखादं काम करणाऱ्या माणसाचं कौतुक करायला तो शब्द विचित्र वाटतो. शिकून मिळवलेल्या प्रावीण्याला प्रोफिशियंट, मागे इन किंवा ॲट. हा जरा अर्जातला, औपचारिक शब्द. नॅक म्हणजे कुणी न शिकवता जमलेली छोटीशी हातोटी, आणि ती चिडवायलाही वापरतात: ‘ही हॅज अ नॅक फॉर सेइंग द राँग थिंग’. फ्लेअरमध्ये कल्पकता आणि ऐट दोन्ही आलं, मागे फॉर. अडेप्टला ॲट लागतो, आणि आपला ‘हातखंडा’ त्याच्या सगळ्यात जवळ जातो. ‘हात बसला’ म्हणायचं असेल तर ‘गेट द हँग ऑफ’. आणि ‘कट आउट फॉर’ बहुतेक वेळा नकारातच भेटतो: अमुक काम आपल्याला झेपणारं नाही, आपला तो पिंडच नाही.

भावनांच्या शब्दांत अर्थापेक्षा तीव्रता जास्त चुकते. अँग्री, टायर्ड, स्केअर्ड यांना पायऱ्या आहेत, म्हणून व्हेरी चालतं. फ्युरियस, एक्झॉस्टेड, टेरिफाइड, डेव्हस्टेटेड हे आधीच शेवटच्या पायरीवर उभे आहेत. ‘व्हेरी एक्झॉस्टेड’ म्हणजे काठोकाठ भरलेल्या घड्यात आणखी पाणी ओतणं. तिथे ‘ॲब्सोल्यूटली’ घ्या. उलटी चूकही होते: ‘ॲब्सोल्यूटली टायर्ड’ तितकंच बेसूर. कुठला गट ते आठवत नसेल तर ‘रिअली’ दोन्हीकडे खपतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ठरलेल्या जोड्या: बिटर्ली डिसपॉइंटेड, डीपली मूव्हड, पेनफुली शाय, वरीड सिक, स्केअर्ड स्टिफ. शेवटच्याला पाचावर धारण बसणे म्हणा, बरोबर लागतं.

मागचा शब्द बदलला की अर्थच बदलणारा एक शब्द जपून वापरा. ‘ॲंक्शस अबाउट’ म्हणजे काळजीत, ‘ॲंक्शस टू’ म्हणजे उतावीळ. ‘रिझाइन्ड टू’ म्हणजे नाइलाजाने पत्करलेलं, आणि तिथला टू क्रियापदाचा नाही, प्रिपोझिशनचा आहे, म्हणून पुढे आयएनजी: ‘रिझाइन्ड टू वेटिंग’. जाता जाता, लिव्हिड म्हणजे अंगाचा तिळपापड झालेला. पण हा शब्द मुळात शिशासारखा, काळानिळा रंग सांगणारा आहे, लाल नव्हे. म्हणून माराच्या वळांनाही लिव्हिड म्हणतात.

आता शरीराच्या प्रतिक्रिया. इथे मराठी आणि इंग्रजी दोन्ही श्रीमंत आहेत, पण वाटण्या वेगळ्या झाल्यात. एक इंजेक्शन घ्या. सुई अजून टेकलीही नाही आणि दंड आपोआप मागे सरकला: फ्लिंच. सुई आत गेली आणि चेहरा कळवळून आक्रसला: विन्स. नंतर आपण सगळ्यांसमोर किती मोठ्याने ओरडलो ते आठवून जीव ओशाळा झाला: क्रिंज. रात्री ताप चढून हुडहुडी भरली: शिव्हर. पुढच्या डोसचा विचार मनात येताच अंगातून एकच जोराचा शहारा गेला: शडर. म्हणजे फ्लिंच ही हालचाल, विन्स चेहऱ्यावरचं, क्रिंज लाजेचं. शिव्हर मुख्यतः थंडी-तापाचं आणि बारीक, सलग. शडर एकदाच, जोरात, आणि बहुधा किळस किंवा भीतीने. मध्ये राहिला ट्रेम्बल: भीती, राग किंवा अशक्तपणाने हातपाय लटलटणे.

यांचे शेजार असे: शिव्हर विथ कोल्ड, ट्रेम्बल विथ रेज, विन्स इन पेन, क्रिंज ॲट, शडर ॲट द थॉट ऑफ. फ्लिंचला फ्रॉम, पण तो सगळ्यात जास्त रुळलाय तो ‘विदाउट फ्लिंचिंग’ मध्ये, म्हणजे डोळ्याची पापणीही न लववता. ब्लश फक्त लाजेचा किंवा संकोचाचा. राग, ताप, धावपळ यांनी चेहरा लाल झाला तर फ्लश. रंग उडाला किंवा बधिरता आली तर गो: गो पेल, गो नम्ब, आणि ऐन वेळी काहीच सुचेना झालं तर ‘माय माइंड वेंट ब्लँक’. बर्स्टचा नियम लक्षात ठेवा: इनटू असेल तर नाम, ‘बर्स्ट इनटू टिअर्स’, आउट असेल तर आयएनजी, ‘बर्स्ट आउट क्राइंग’. ‘बर्स्ट आउट टिअर्स’ असं काही नाही. दरदरून थंड घाम फुटला तर ‘ब्रेक आउट इन अ कोल्ड स्वेट’.

आपला ‘मला’ इंग्रजीत सुखरूप उतरतो अशी एक जागा आहे, ती गिव्हची. अंगावर काटा आला: ‘इट गेव्ह मी गूसबम्प्स’. हा काटा गाण्यानेही येतो आणि भीतीनेही. ‘इट गेव्ह मी द क्रीप्स’ मात्र फक्त भीती-किळसेचं, सुंदर गाण्याला ते म्हणू नका. गळा दाटून आला तर ‘अ लंप इन माय थ्रोट’. ‘बटरफ्लाइज इन माय स्टमक’ला बरेच जण ‘पोटात गोळा आला’ लिहितात. ते जड होतं. बटरफ्लाइज म्हणजे मंचावर जाण्याआधीची धाकधूक. गोळा येण्याला ‘माय स्टमक लर्च्ड’ जास्त जवळचं.

तब्येतीत आपली ठरलेली चूक म्हणजे ‘माय हेड इज पेनिंग’. पेन हे क्रियापद आता मनाच्या दुःखासाठी उरलंय. ‘माय हेड हर्ट्स’ किंवा ‘आय हॅव अ हेडेक’ म्हणा. ‘आय ॲम हॅविंग फीव्हर’ ऐवजी ‘आय हॅव अ फीव्हर’ किंवा ‘आय हॅव गॉट अ टेम्परेचर’. ‘हेडेक’मधला ‘एक’ म्हणजे मंद, बराच वेळ चालणारं दुखणं; सोअर म्हणजे हात लावला, गिळलं की हुळहुळणारं किंवा व्यायामानंतर अंग दुखणारं. थ्रॉबिंग ठणकणारं, स्टॅबिंग सुरी खुपसल्यासारखं. ब्रिटिश इंग्रजीत ‘ही वॉज सिक’ म्हणजे बहुधा त्याला उलटी झाली. नुसता आजारी असेल तर इल.

‘अंडर द वेदर’ हे कणकण, सर्दी, अंग मोडून येणं एवढ्यापुरतंच. गंभीर आजाराला ते वापरलं तर थट्टा केल्यासारखं वाटतं. रन-डाउन म्हणजे थकून शक्ती कमी झालेला, आउट ऑफ सॉर्ट्स म्हणजे ना धड आजारी, ना धड बरा. बर्नआउट कुठल्याही दमण्याला लावू नका; 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणात त्याची व्याख्या कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणाशीच जोडली आणि त्याला आजार म्हटलं नाही. सुधारणा होतेय तर ‘ऑन द मेंड’, भोवळ आली तर पास आउट, शुद्धीवर आला तर कम राउंड.

पाठ कसं करायचं? वहीच्या डाव्या बाजूला मराठी वाक्य पूर्ण लिहा, शब्द नव्हे: ‘नुसत्या विचारानेच मला शहारा येतो’. उजवीकडे ‘आय शडर ॲट द थॉट ऑफ इट’. उजवी बाजू झाका आणि लिहून काढा. रोज पाच वाक्यं पुरे. तीच वाक्यं दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा. प्रिपोझिशन चुकलं तर उत्तर चूक धरा, ‘अर्थ तर येत होता’ अशी सूट घेऊ नका.

आणि एक गोष्ट बहुतेक याद्या उलटी करतात. शिव्हर, शडर, ट्रेम्बल एकाच दिवशी पाठ केले तर ते डोक्यात एकमेकांत गुंततात आणि परीक्षेत तिघांपैकी कुठलाही बाहेर येतो. आज शिव्हर घ्या, तो पक्का झाला की आठवड्याने शडर. तुलना शेवटी करा, वर मी केली तशी.

तुमच्या पेपरात याची खरी कसोटी रीडिंग अँड यूज ऑफ इंग्लिशच्या चौथ्या भागात लागते. तिथे दिलेल्या वाक्याचा अर्थ न बदलता, दिलेला एक शब्द वापरून दुसरं वाक्य पुरं करायचं असतं. सहा प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, उत्तर तीन ते सहा शब्दांत, आणि दिलेला शब्द जसाच्या तसा. ‘ही इज गुड ॲट पर्सुएडिंग पीपल’ दिलं आणि शब्द ‘नॅक’ असेल तर ‘हॅज अ नॅक फॉर पर्सुएडिंग’: पाच शब्द झाले. ‘हॅजन्ट’सारखं जोडरूप तिथे दोन शब्द मोजलं जातं, त्यामुळे सहाच्या काठावर असाल तर आधी तेच मोजून बघा.