बेडरूमला पिस्ता द्यावा की शेवाळी?

तुम्ही लिहिलंय की खोली दहा बाय बाराची, खिडकी एकच आणि तीही उत्तरेला, खाली कोटा फरशी, आणि भिंतींना पिस्ता रंग घ्यावा की शेवाळी हे काही केल्या ठरत नाही. मी शेवाळी घेईन.

आमच्या आईच्या खोलीला आम्ही पिस्ता दिला होता. शेडकार्डवरचा दोन बोटांचा तुकडा इतका कोवळा दिसत होता! चारी भिंतींना दोन हात झाले आणि तोच रंग अंगावर यायला लागला. एका हिरव्या भिंतीवरून परतलेला उजेड समोरच्या हिरव्या भिंतीवर पडतो, तिथून पुन्हा इकडे. म्हणून खोलीत रंग कार्डापेक्षा भडक वाटतो. रात्री पांढरी ट्यूब लावली की आरशासमोर वेणी घालणाऱ्या आईचा चेहरा आजारी माणसासारखा दिसायचा. मला ते बघवेना. पुढच्या दिवाळीआधी रंग बदललाच.

शेवाळीला पिवळी-मातकट झाक असते. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ ऊन येत नाही, नुसता आकाशाचा उजेड येतो आणि तो निळसर असतो. मातकट झाक त्याला सावरून घेते. कोटाही हिरवट-राखाडीच, त्यामुळे खाली-वर भांडण होत नाही.

तरी माझ्या सांगण्यावरून थेट मोठा डबा आणू नका. दोन्ही रंगांचे सँपलचे छोटे डबे घ्या, दोन बाय दोन फुटांचे पुठ्ठे आधी पांढरे करून त्यांवर दोन-दोन हात मारा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावरून काही ठरवू नका. मग ते खोलीभर फिरवा. खिडकी ज्या भिंतीत आहे त्या भिंतीवर नक्की टेकवून बघा, कारण तिच्यावर उजेड सगळ्यात कमी पडतो आणि तोच रंग तिथे बराच गडद वाटतो. बेडरूममध्ये आपण जागे असतो ते जास्त करून रात्री, तेव्हा निकाल रात्री आठचा धरा. ट्यूब ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर-पांढऱ्या उजेडाची असेल तर एक ३००० चा, पिवळसर उजेडाचा बल्ब लावूनही पाहा, आकडा खोक्यावर छापलेला असतो. मला विचाराल तर ट्यूब काढून तो बल्बच लावा.

खिडकीबाहेर झाड आहे का? असेल तर पुठ्ठे त्याला भरपूर पानं असतानाच बघा. पानांवरून आत येणारा उजेडही हिरवाच असतो, आणि मग शेवाळीतलीच एक फिकी शेड पुरेल.